जोगलटेंभीची ठेव



दीपावली जवळ आली की आपल्या घरांतून आणि पेढ्यांवरून एक ठरलेली लगबग सुरू होते. माळ्यावरचे डबे खाली उतरतात, जुन्या वह्यांची गाठोडी उन्हात ठेवली जातात, तिजोरीतील चांदी उजळली जाते. भगवान महावीरांच्या निर्वाणकल्याणकाचा तो पवित्र दिवस आणि नव्या वहीच्या पूजनाचाही. अशाच एका झाडलोटीत लहानपणी माझ्या हातून एक चूक घडली. ती मला आजही विसरता येत नाही, आणि या महिन्याच्या सदराचा विषय त्या चुकीतूनच निघाला आहे.

आमच्या दादाजींच्या गल्ल्यात, लाल कापडाच्या बटव्यात, एक लहानसे चांदीचे नाणे असे. नखाएवढे, काळपट, कडा वेड्यावाकड्या. नांगरटीत सापडलेले म्हणून कोणा शेतकरी गिऱ्हाइकाने ते आणून दिले होते आणि दादाजींनी मोल देऊन ते घेतले होते. त्यावर एका माणसाचा चेहरा होता आणि कडेने काही अक्षरे होती. आम्ही मुले त्याला ‘राजाचे नाणे’ म्हणत असू. त्या वर्षी वहीपूजनाच्या ताटात ते चमकावे, अशी माझी इच्छा. आजीने भांड्यांसाठी भिजवलेली चिंच घेतली, विटकरीची बारीक पूड घेतली, आणि दुपारभर ते नाणे घासले. संध्याकाळी मोठ्या अभिमानाने ते दादाजींच्या तळहातावर ठेवले. ते लख्ख झाले होते. चेहरा गेला होता, अक्षरेही गेली होती.

दादाजी रागावले नाहीत. नाणे उलटसुलट करून ते एवढेच म्हणाले, “बाळ, चांदी राहिली, राजा गेला.”

पुढे पुष्कळ वर्षांनी जुन्या वह्या चाळताना त्या नाण्याची नोंद मला सापडली. तारीख, दिलेली रक्कम, ‘जुने नाणे, चांदी, वजन दोन मासे’. आपल्या लोकांची सवय चोख. परंतु नाणे ज्या गावाच्या शेतात सापडले, त्या गावाचे नाव लिहिलेले नव्हते. ते नाणे कोणाचे, कोठले, कोणत्या काळातले, हे आता जगातील कोणताही विद्वान सांगू शकणार नाही. अक्षरे मी पुसली आणि गाव आम्ही लिहिले नाही.

ही हळहळ मनात असताना मला नेहमी जोगलटेंभीची आठवण येते.

नाशिक जिल्ह्यात, सिन्नर तालुक्यात, गोदावरी आणि दारणा यांच्या संगमाजवळ जोगलटेंभी हे लहानसे गाव आहे. १९०६ साली येथे चांदीच्या नाण्यांचा एक प्रचंड साठा सापडला. मोजदाद झाली ती सुमारे १३,२५० नाण्यांची. एका नाण्याचे वजन सुमारे दोन ग्रॅम. म्हणजे आजच्या मापाने पंचवीस किलोंहून अधिक चांदी एका ठिकाणी पुरून ठेवलेली होती. भारतात सापडलेल्या प्राचीन नाण्यांच्या मोठ्या साठ्यांमध्ये त्याची गणना होते. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी ती नाणी तपासून मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. ब्रिटिश म्युझियमसाठी ई. जे. रॅप्सन यांनी १९०८ साली आंध्र आणि पश्चिम क्षत्रपांच्या नाण्यांची जी प्रसिद्ध सूची सिद्ध केली, तिच्यातही या साठ्याचा आधार घेतलेला आहे.

आता व्यापाऱ्याच्या नजरेने पाहिले, तर पंचवीस किलो चांदीचा भाव काढता येतो. तो आजच्या बाजारात कोणालाही सांगता येईल. परंतु या साठ्याचे खरे मोल त्या भावात नाही. ते कशात आहे, हे समजण्यासाठी ती नाणी जरा निरखून पाहिली पाहिजेत.

सर्व नाणी एकाच राजाची होती. तो क्षहरात वंशातील नहपान. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांच्या सुमाराचा हा पश्चिम क्षत्रप. भडोच बंदर आणि नाशिकचा घाटमाथा त्याच्या अंमलाखाली होता. नाण्याच्या एका बाजूस राजाचा मुखवटा आणि कडेने ग्रीक अक्षरे. दुसऱ्या बाजूस बाण आणि वज्र, आणि ब्राह्मी व खरोष्ठी अशा दोन लिप्यांमध्ये राजाचे नाव. एका नखाएवढ्या चांदीवर तीन लिप्या! ज्या बाजारात हे नाणे चालत होते, तेथे किती देशांचे व्यापारी येत-जात असतील, हे त्या तीन लिप्याच सांगतात. त्या काळच्या ‘पेरिप्लस’ नावाच्या ग्रीक प्रवासग्रंथात भडोच बंदराचे वर्णन आहे आणि पैठण तेथून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर असल्याचे म्हटले आहे.

परंतु या नाण्यांची खरी गंमत पुढेच आहे. १३,२५० पैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर दुसऱ्याच राजाचा ठसा उमटवलेला होता. नहपानाच्या चेहऱ्यावर तीन कमानींच्या चैत्याची खूण आणि ‘राजा गौतमीपुत्र श्री सातकर्णी याचे’ अशा अर्थाची अक्षरे. दुसऱ्या बाजूस उज्जयिनी चिन्ह. गौतमीपुत्राने नहपानाची सत्ता उखडली आणि त्याची नाणी न वितळवता त्यांवर आपला शिक्का मारून ती पुन्हा बाजारात आणली. चांदी तीच, वजन तेच, पत बदलली. आपल्या पेढ्यांवरील जुन्या-जाणत्यांना यातील व्यवहार लगेच उमगेल. वितळवण्यात घट येते, वेळ जातो, आणि नवा राजा आला म्हणून बाजार थांबत नाही.

नाशिककरांनी लहानपणापासून पाहिलेल्या पांडवलेण्यांत या सर्वांची दुसरी बाजू दगडावर कोरलेली आहे. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमीपुत्राची माता गौतमी बलश्री हिचा लेख आहे. तो तिचा नातू पुळुमावी याच्या एकोणिसाव्या राज्यवर्षातील आहे, आणि त्यात आपल्या पुत्राने क्षहरात वंश निःशेष केला, असे ती माता सांगते. आता मातेने पुत्राचे गुणगान करावे, हे स्वाभाविकच. त्यात किती सत्य आणि किती वात्सल्य, अशी शंका कोणी घेतली, तर त्याला काय उत्तर द्यावे? जोगलटेंभीने उत्तर दिले. नऊ हजारांहून अधिक नाणी एकमुखाने साक्षीस उभी राहिली. नहपानाच्या ठशावर थेट गौतमीपुत्राचाच ठसा आहे, मध्ये दुसरा कोणी राजा नाही, हे त्यांनीच सिद्ध केले.

येथे एक क्षण थांबून विचार करू. समजा, हा साठा सापडला त्या दिवशी वाटला गेला असता. पाचशे नाणी एका घरी, हजार दुसऱ्या घरी, उरलेली मुशीत. तर त्यातील एखादे नाणे आपल्यापर्यंत आले असते, ते ‘एक जुने चांदीचे नाणे’ म्हणून. माझ्या दादाजींच्या वहीतल्यासारखे. ‘सर्व एकाच राजाची’, ‘इतकी ठसा मारलेली आणि इतकी न मारलेली’, ‘अमुक गावी, अमुक साली’ ही विधाने एकेका नाण्याविषयी करताच येत नाहीत. ती संपूर्ण साठ्याविषयीच करता येतात. सापडलेल्या ठेवीचे मोल धातूत कमी आणि तिच्या नोंदीत अधिक असते. ही गोष्ट व्यापारी घराण्यांना कोणी शिकवावयास नको. हिशेबाची वही हरवली, तर गल्ल्यातील रक्कम तेवढीच राहूनही पेढीची पत कशी जाते, हे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

आपल्या आगमसाहित्यानेही या राजांची एक आठवण जपलेली आहे. आवश्यकसूत्रावरील निर्युक्ती आणि चूर्णी यांच्या परंपरेत भृगुकच्छ म्हणजे भडोचचा राजा नहवाहन आणि प्रतिष्ठानचा राजा शालिवाहन यांची कथा येते. नहवाहनापाशी कोश अपार, तर शालिवाहनापाशी सैन्य अपार. शालिवाहन वेढा घालतो. नहवाहन शत्रूसैनिकांची शिरे आणणाऱ्यांना मुक्तहस्ते धन देतो. शालिवाहनाचे सैन्य घटत जाते आणि त्याला परतावे लागते. अखेर शालिवाहन आपल्या मंत्र्याला खोटेच हाकलून दिल्याचा देखावा करतो. तो मंत्री भृगुकच्छात जाऊन नहवाहनाचा विश्वास संपादन करतो आणि त्याला देवळे, स्तूप, तळी, विहिरी बांधण्यात खजिना खर्च करावयास लावतो. खजिना रिता होतो, पुन्हा वेढा पडतो, आणि या वेळी नगर पडते.

ही कथा म्हणजे इतिहासाची तंतोतंत नोंद नव्हे. परंतु नहवाहन म्हणजे नहपान, हे अभ्यासकांनी ओळखले आहे. आणि तो धनाढ्य होता, सातवाहनांनी त्याला जिंकले, या दोन्ही गोष्टी जोगलटेंभीच्या चांदीने खऱ्या ठरवल्या. ग्रंथभांडारांतील पोथी, लेण्यातील दगड आणि शेतातील नाणे या तीन साक्षी तीन ठिकाणी जपल्या गेल्या, म्हणून एक हकीकत पूर्ण झाली. त्यांतील एक जरी नष्ट झाली असती, तरी उरलेल्या दोन्ही दुबळ्या झाल्या असत्या.

मग अशा ठेवीचे जतन करावयाचे कसे? संग्रहालयांतील संवर्धकांचे काम बाहेरून पाहणाऱ्याला ‘स्वच्छ करणे’ एवढेच वाटते. वस्तुतः त्यांचे पहिले काम हात न लावण्याचे असते. वस्तू जशी आली तशी तिचे छायाचित्र, वजन, माप, आणि ती कोठून व कोणत्या अवस्थेत आली याची नोंद. त्यानंतर भिंगाखाली निरीक्षण. जमिनीत राहिलेल्या चांदीवर गंधकाच्या संयोगाने काळा थर चढतो, क्षारांमुळे करडा-तपकिरी, मेणासारखा थर येतो, आणि चांदीत तांबे मिसळलेले असेल तर हिरवट गंज प्रथम दिसू लागतो. या थरांखाली अक्षरे सुरक्षित असतात. कित्येकदा तर अक्षरांचा आकार त्या थरानेच धरून ठेवलेला असतो. चिंच, लिंबू, राख, विटकरीची पूड, बाजारात मिळणारे चांदी उजळण्याचे द्रव, हे सर्व थराबरोबर अक्षरही नेतात. नहपानाच्या नाण्यावर गौतमीपुत्राचा ठसा बसल्यानंतर खालच्या राजाच्या ज्या रेषा उरलेल्या असतात, त्या केसाहूनही उथळ. घासणाऱ्याच्या हातून प्रथम त्याच जातात.

संवर्धक मऊ कुंचला, लाकडी काडी, शुद्ध केलेले पाणी आणि अपार संयम घेऊन बसतो. रसायन वापरलेच, तर मोजून. संरक्षक लेप दिलाच, तर पुढे कोणाला काढावासा वाटल्यास काढता येईल असा. ‘आपल्यानंतर येणारा आपल्याहून अधिक जाणता असेल’ ही नम्रता या शास्त्राच्या मुळाशी आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात २००८ पासून असे कलासंवर्धन केंद्र कार्य करीत आहे.

नाशिककरांच्या हाताशीही एक मोठे साधन आहे. त्र्यंबकेश्वरच्या वाटेवर, अंजनेरीच्या पायथ्याशी नाण्यांच्या अभ्यासास वाहिलेली भारतीय मुद्राशास्त्र संशोधन संस्था आहे. डॉ. परमेश्वरीलाल गुप्त यांच्यासारख्या थोर मुद्राशास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली तिची उभारणी झाली, आणि तिचे नाण्यांचे संग्रहालयही आहे. त्याच अंजनेरीत पडझड झालेल्या जैन मंदिरांत शके १०६३ चा एक शिलालेख आहे. यादव सेउणदेवाच्या काळात चंद्रप्रभ भगवंतांच्या मंदिरास दुकाने दान दिल्याचे तो सांगतो. त्यात व्यापाऱ्यांच्या दानाचाही उल्लेख आहे. सुमारे पावणेनऊशे वर्षांपूर्वीच्या आपल्या पूर्वजांची ही दानवहीच म्हणावयाची. दुकाने गेली, बाजार गेला; नोंद उरली.

जोगलटेंभीची नाणी मात्र एकत्र राहिली नाहीत. मुंबईपासून लंडनपर्यंतच्या संग्रहांत ती आज विखुरलेली आहेत. म्हणून मी कधी कधी मनातल्या मनात नाशिकमध्ये एक संग्रहालय उभारतो. कल्पनेला भाडे पडत नाही. वाचकहो, आपणही माझ्याबरोबर आत या.

पहिले दालन जवळजवळ अंधारे. मध्यभागी एकच काचेची पेटी, आणि तीत ती सर्व नाणी एकत्र, ढीग घातलेली, न उजळलेली, मातीच्या रंगाची. ठेव म्हणून पुरली गेली तेव्हा ती कशी दिसली असेल, हे प्रथम पाहावे. तेथे कोणतेही नाव लिहिलेले नाही. केवळ गाव, संगमाचा नकाशा आणि साल १९०६.

दुसऱ्या दालनात चेहरे. नहपानाच्या नाण्यांवरील मुखवटे सारखे नाहीत. कोठे तरुण, कोठे वृद्ध, नाकाची ठेवण वेगळी, हनुवटी वेगळी. अभ्यासकांना या फरकाचे कोडे पडले आहे. भिंगे टांगलेली असावीत, आणि मुलांना एकाच राजाचे पन्नास चेहरे एकमेकांशी ताडून पाहता यावेत.

तिसरे दालन ठशांचे. डावीकडे ठसा न मारलेली नाणी, उजवीकडे मारलेली, आणि मध्ये अशी, की ज्यांत नव्या चैत्याच्या कमानीखालून जुन्या राजाचे कपाळ अद्याप डोकावते आहे. सत्तांतर म्हणजे काय, हे सांगण्यास येथे व्याख्यानाची गरज नाही.

चौथे दालन आपल्या मंडळींचे. तेथे पांडवलेण्यांतील दहाव्या क्रमांकाच्या लेण्यातील, नहपानाचा जावई उषवदात याच्या लेखाची प्रतिकृती असावी आणि समोर एक जुनी पेढी: गादी, तक्क्या, तराजू. या लेखात उषवदाताने ३,००० कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींमध्ये कायम ठेव म्हणून ठेवल्याचे नोंदले आहे. २,००० कार्षापण दरमहा शेकडा एक या व्याजाने, आणि १,००० दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने. मुद्दल कधीही परत करावयाचे नाही. केवळ व्याज वापरावयाचे. पहिल्या ठेवीतून वर्षावासात राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रासाठी. वाचकांनी हिशेब करून पाहावा: २,००० वर वर्षाचे व्याज २४०, आणि वीस गुणिले बाराही २४०. पैचीही चूक नाही! त्याच लेखात पस्तीस कार्षापणांस एक सुवर्ण असा विनिमयाचा दरही दिला आहे. त्या दराने जोगलटेंभीचा साठा सुमारे ३७८ सुवर्णांचा होतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हे दान निगमसभेत वाचून दाखवले गेले आणि रीतीप्रमाणे दफ्तरी नोंदवले गेले, असे तो लेख सांगतो. म्हणून तर आपण आज ते वाचू शकतो.

या दालनापुढे उभे राहिल्यावर माझ्या मनात एक तुलना येते. एकाच राजाच्या चांदीच्या नाण्यांचे दोन उपयोग झाले. एकाने १३,००० नाणी जमिनीत पुरली. कोणाच्या भयाने, कोणासाठी, हे ठाऊक नाही. तो परत आला नाही. दुसऱ्याने ३,००० नाणी सर्वांसमक्ष ठेव म्हणून ठेवली. त्या श्रेणी गेल्या, ते भिक्षू गेले, राज्यही गेले. परंतु त्याच्या हेतूस आणि हिशेबास आज सुमारे एकोणीसशे वर्षांनंतरही कोणी नाव ठेवू शकत नाही. परिग्रह आणि दान यांतील अंतर सांगणारी प्रवचने आपण पुष्कळ ऐकतो. नाशिकच्या मातीने आणि नाशिकच्या दगडाने ते अंतर आकड्यांत मांडून ठेवले आहे.

आता व्यवहाराचे दोन शब्द. हल्ली जुने वाडे पाडून इमारती उभ्या राहत आहेत; भिंतीत, जोत्यात, शेतात काही सापडणे अशक्य नाही. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत किंवा जमिनीशी जोडलेल्या बांधकामात दडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडल्यास, ती कोठे, केव्हा व काय सापडली हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे सापडणाऱ्यावर बंधनकारक आहे. न कळवणे हा गुन्हा आहे. त्या निधीचा धनी कोणीच ठरला नाही, तर सापडणाऱ्यास तीन चतुर्थांश आणि जागेच्या मालकास एक चतुर्थांश अशी वाटणीची मूळ तरतूद आहे. आणि शासनास तो निधी हवा असल्यास धातूच्या किमतीहून एक पंचमांश अधिक देऊन तो घेता येतो. कळवले तर सर्व बुडाले, ही समजूत तेवढी खरी नाही. शंभर वर्षांहून जुन्या वस्तू आणि पंचाहत्तर वर्षांहून जुनी महत्त्वाची हस्तलिखिते यांच्यासाठी १९७२ चा पुरावस्तू आणि कलानिधी कायदा आहे. अशा वस्तूंचा व्यापार परवान्यावाचून करता येत नाही, आणि खासगी व्यक्तीला त्या परदेशी नेता येत नाहीत.

परंतु आपल्यासाठी कायद्याच्या आधी व्रत आहे. आचार्य समंतभद्रांनी श्रावकाच्या अचौर्याणुव्रताचे वर्णन करताना दुसऱ्याचे ठेवलेले, पडलेले किंवा विसरलेले असे तीनही प्रकारचे द्रव्य न घेण्यास सांगितले आहे. पुरून ठेवलेला निधी हा एकाच वेळी ठेवलेलाही असतो आणि विसरलेलाही. तो आपल्या हाती आला, म्हणजे आपला झाला नाही. आपण त्याचे रखवालदार झालो.

घराघरांतून जे आधीच आहे, त्याविषयीही थोडे. जुनी नाणी, ताम्रपट, पोथ्या, वह्या असतील तर त्या घासू नयेत, चिकटपट्टीने सांधू नयेत. चांदी लोकरीत गुंडाळू नये, तिच्यावर रबराचे बंध लावू नयेत. त्यातील गंधकाने ती काळवंडते. आम्लविरहित कागदात, कोरड्या जागी, ओल शोषणाऱ्या पुड्यांसह ठेवावी, आणि सोबत एक चिठ्ठी: ही वस्तू कोणी, कोठून, केव्हा आणली. पूजेतील मूर्तींची गोष्ट वेगळी आहे. ज्या प्रतिमेचा नित्य प्रक्षाल होतो, ती पूजेचीच आहे. तेथे संग्रहालयाचे नियम लावण्याचा आग्रह कोणी धरू नये. मात्र तिच्या पाठीमागील किंवा आसनावरील लेखाचे स्पष्ट छायाचित्र आणि वाचन आजच करून ठेवावे. वडोदऱ्याजवळ अकोटा येथे १९५१ साली ६८ जैन धातुमूर्ती सापडल्या, डॉ. उमाकांत शाह यांनी त्यांचा अभ्यास केला आणि त्या वडोदऱ्याच्या संग्रहालयात आहेत. त्यांतील जीवंतस्वामींच्या प्रतिमेवरील लेखातून नागीश्वरी नावाच्या श्राविकेचे दान आपल्याला कळते. ती कोण होती, हे कोणत्याही राजाच्या प्रशस्तीत नाही. आसनावरची ती ओळ कोणी घासून टाकली नाही, म्हणून सुमारे चौदाशे वर्षांपूर्वीची ती भगिनी आपल्याला नावाने ठाऊक आहे. आपल्याच महाराष्ट्रात, अकोला जिल्ह्यातील राजनापूर खिनखिनी येथे भूमीतून निघालेल्या जैन धातुमूर्ती नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात आहेत. विदर्भात जाणे झाले, तर मुलांना घेऊन अवश्य पाहाव्यात.

माझ्या मनातील त्या संग्रहालयाचे शेवटचे दालन लहान आहे. तेथे एकच कपाट, आणि त्यात एकच नाणे. लख्ख पांढरे, गुळगुळीत, दोन्ही बाजूंनी कोरे. शेजारी एका जुन्या वहीचे उघडे पान: जुने नाणे, चांदी, वजन दोन मासे. दोन मासे म्हणजे सुमारे दोन ग्रॅम. नहपानाच्या नाण्याचे वजनही तेवढेच असते. यावरून काही सिद्ध होत नाही, हे मी जाणतो.

ते नाणे आजही आमच्या घरी आहे, त्याच लाल बटव्यात. यंदाच्या वहीपूजनाला मी ते ताटात ठेवीन. आणि या वेळी त्याच्याबरोबर एक चिठ्ठी ठेवीन: ते कोणी आणले, कोणी घेतले आणि कोणी पुसले. गावाची जागा मात्र रिकामी सोडावी लागेल.

आपल्या घरच्या वस्तूंच्या चिठ्ठीवर ती जागा रिकामी राहू नये. घरातील वडीलधारी मंडळी अद्याप सांगू शकत आहेत, तोवर त्यांच्यापाशी बसावे आणि लिहून घ्यावे. नव्या वहीच्या पहिल्या पानावर याहून शुभ नोंद कोणती असणार?